निर्मलाबाईंचा बुढा

चहा पिऊन झाला की निर्मलाबाई उठत, आपला कप विसळत आणि खिडकीच्या कट्ट्यावर उपडा घालत. फक्त आपला. शेजारी माझा कप पडलेला असो की गजाननचा, त्याला त्या हात लावत नसत. भंडाऱ्याच्या बसस्थानकामागच्या गल्लीत माझं छोटं वर्कशॉप होतं. पंपांचे स्टार्टर, धर्मकाट्यांची, म्हणजे गाड्या तोलणाऱ्या मोठ्या वजनकाट्यांची, दुरुस्ती आणि पुढेपुढे त्या काट्यांना लागणारे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम, असं आमचं काम. मी मालक, गजानन वायरिंगचा आणि मोटारींचा माणूस, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या निर्मलाबाई. तिघांचे तीन कप. संध्याकाळी दोन टेबलावर मुंग्यांनी भरलेले असत आणि एक खिडकीत कोरडा.

गजानन एकदा म्हणाला, "मॅडम, एका कपाच्या जागी तीन धुतले तं काय हात झिजतात का?"

"काहून रे, तुह्या हाताले मेंदी लागली का?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "ज्याचा कप, त्यानं धुवावा."

आम्ही हसलो. ही बाई तिरसट आहे असं मी त्या वेळी मनात नोंदवून ठेवलं होतं.

त्या तिरसट होत्याच. हसतमुख, मनमिळाऊ वगैरे लिहिलं तर त्यांनाच ते खपणार नाही. पण इकडच्या लोकांत त्यांची ओळख तेवढ्यावर राहिलेली नाही. लाखांदूरकडच्या बसमध्ये त्यांचं नाव निघालं तर आजही कोणीतरी म्हणतं, "थेच नं, तलाव खाली करनारी बाई?" ते खोटं आहे. ते खोटं आहे हे दोन माणसांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यातल्या एका माणसानं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि दुसरा मी. माझं वय आता असं आहे की उद्यावर काही टाकता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

निर्मलाबाई दिघोरीच्या पलीकडच्या एका गावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नागपूरला शिकल्या, लग्न होऊन भंडाऱ्याला आल्या. नवरा शाळेत शिक्षक. बाईंची साडी सुती, केस घट्ट बांधलेले, आणि चेहऱ्यावर सकाळी दहालाच संध्याकाळ झालेली. खुर्चीत बसताना "थकली बाप्पा" आणि उठताना "थकली बाप्पा". पहिले काही दिवस मी विचारपूस करायचो. मग कळलं की ही तक्रार नव्हे, श्वास आहे. त्या खरोखर थकलेल्या असत. घरचं करून येत, इथलं करून जात. पण थकव्याबद्दल त्यांचं एक मत होतं, ते मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही. त्या म्हणत, "माणूस थकते, म्हणून थांबते. यंत्र थकत नाई, म्हणून त्याच्यावर भरोसा नाई. त्याले थकवा शिकवा लागते."

हे वाक्य नीट कळायला त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं. आमचा मुख्य प्रोग्रॅम सी भाषेत लिहिलेला असे. ती भाषा म्हणजे लोखंडी काम. काटा वाचायचा, मोटर फिरवायची, दिवा लावायचा, हे ती झटक्यात करते. पण तिच्यातला एक नियम बदलायचा म्हटलं तर सगळा प्रोग्रॅम पुन्हा बांधून यंत्राच्या डब्यात भरावा लागतो. आणि आमच्या गिऱ्हाइकांचे नियम तर हंगामागणिक बदलत. ओल्या धानाला वजनात किती घट धरायची, याचा प्रत्येक राइस मिलचा हिशेब वेगळा. तेव्हा निर्मलाबाईंनी एक तोड काढली. लुआ नावाची एक छोटी, मऊ भाषा आहे. ती भाषा चालवणारी आख्खी यंत्रणाच त्यांनी सीच्या पोटात बसवली. लोखंडी काम बाहेरच्या भाषेनं करायचं, आणि ठरवायची वेळ आली की आतल्या भाषेला विचारायचं. नियम आतल्या भाषेत साध्या ओळींत लिहिलेले. ते गिरणीवाल्याला स्वतः बदलता येत.

सिहोऱ्याचे एक गिरणीवाले हे पाहायला आले होते. भला मोठा माणूस, खुर्चीत मावत नव्हता. त्यांनी डब्याकडे संशयानं पाहिलं.

"एका डब्यात दोन भाषा? भांडनार नाईत का?"

"भांडतात नं जी. म्हणून तं मी आहो."

"मंग एकच ठेवा. दोन कायले?"

निर्मलाबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं पाहा. सासूच्या घरात सून आली. घर सासूचं, चूल सासूची, सारी मेहनत सासूची. सुनेनं फक्त सांगाचं, आज भाजी कोनती. पन एकदा सून बोलाले लागली का सासूनं चूप राहाचं. सून थांबत नाई तवरक सासूले हात हालवता येत नाई."

"हे तं तुमी माह्या घरचंच सांगून राहिल्या," गिरणीवाले म्हणाले, आणि त्यांनी डबा घेतला.

ते गेल्यावर बाईंनी मला त्यातली खरी मेख सांगितली. दोन भाषांना एकमेकींच्या घरात हात घालता येत नाही. मधे एक पाट मांडलेला असतो. एकीनं द्यायचं ते पाटावर ठेवायचं, दुसरीनं उचलायचं. जेवढं ठेवलं तेवढं उचललं गेलंच पाहिजे. एखादी वाटी रोज पाटावर राहिली तर दिसत काही नाही, पण एक दिवस पाट भरतो आणि सगळं घर बसतं. "कोनं ठेवलं, कोन उचलनार, हे पहिलेच ठरलं पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि उठून आपला कप विसळायला गेल्या. तेव्हा मला त्या कपाचं थोडं कळलं. सगळं कळायला फार वर्षं गेली.

तलावाचं काम आलं ते त्यांच्याच गावाहून, त्यांच्याच ओळखीनं. मालगुजारीच्या काळचा जुना तलाव, खाली नहर, म्हणजे छोटा कालवा, आणि नहरीवर उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, बांध घातलेली वाफ्यासारखी शेतं. तलावातून पाणी सोडायच्या दाराला तिकडे तुडूम म्हणतात. ते दार हातानं, लोखंडी दांड्यानं फिरवावं लागे. ते काम दादाजी नावाचे एक म्हातारे करत. सारं गाव त्यांना बुढाच म्हणे. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि त्यांच्या जागी बसायला कोणी तयार नव्हतं. पाणी समितीनं ठरवलं की दाराला मोटर लावायची आणि पाण्याची बारी, कोणाला कधी पाणी ते, यंत्रानं पाळायची.

नियम लिहून घ्यायला आम्ही दोघं गेलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाचं एक जुनं झाड होतं, त्याच्या सावलीत समिती बसली. नहरीवर बांध्यांचे चार पट्टे. पहिल्याची बारी झाली, त्याच्या बांध्या भरल्या, की त्यानं म्हणायचं, "पुढं द्या." मग दुसरा, मग तिसरा. शेवटच्या पट्ट्यालाही पुरे झालं असेल तर तो वरच्याला सांगतो, "तुमी पाहा, लागत असन तं." की पुन्हा पहिल्यापासून.

"आणि बंद करा असं कोण म्हणतं?" मी विचारलं.

एक जण म्हणाला, "तसं नाई म्हणत जी कोनी. पान्याले नाई म्हनू नये."

"मग दार बंद कोण करतं?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं असावं. "बंद होते नं जी," तो म्हणाला.

बाजूला दादाजी विडी ओढत बसले होते. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून ते या बोलण्यात नव्हते. शब्द फिरून पहिल्या पट्ट्यावर आला, की हा म्हातारा कोणाला काही न विचारता उठायचा आणि दार लावायचा. कोणी सांगायचं नाही, त्यानं सांगायचं नाही. पाण्याला नाही म्हणायचं पाप गावाच्या माथी येत नसे, आणि पाणीही वाया जात नसे. ही व्यवस्था इतकी मुरलेली होती की त्यात एक माणूस आहे हेच गाव विसरलं होतं.

परत येताना जीपमध्ये निर्मलाबाई मोठ्यानं हसल्या. मी त्यांना तसं हसताना क्वचित पाहिलं. "बंद होते म्हनतात! दार लावू लावू दादाजीचे गुडघे गेले, अना हे म्हनतात बंद होते!"

"मग तुम्ही नियमात घाला ना, शेवटी बंद करा म्हणून."

"नाई. नियम त्याहीचा हाये. उद्या देवराव वाचन आपला नियम, अना म्हनन, बाईनं पान्याले नाई म्हटलं." देवराव त्यांचा धाकटा भाऊ. शेवटच्या पट्ट्यात त्याच्या बांध्या होत्या. "गावानं बोलत राहावं, जसं बोलते तसं. बुढा मी बाहेर बसवतो."

तसंच त्यांनी केलं. गावाचा नियम आतल्या भाषेत, गावानं सांगितला तसा, "पुढं द्या" सकट. आणि बाहेरच्या सीमध्ये त्यांनी एक पहारा बसवला. आतली भाषा बोलू लागली, की थोड्याथोड्या वेळानं हा पहारा तिला थांबवून पाहणार. फार वेळ नुसतंच "पुढं द्या, पुढं द्या" चाललं आहे असं दिसलं, की तिला गप्प करणार आणि दार लावणार. प्रोग्रॅममध्ये त्या कामाला नाव द्यावं लागतं. त्यांनी नाव दिलं, बुढा.

"हा झाला यंत्राचा थकवा," त्या म्हणाल्या. "हे छोटी भाषा लय चिवट हाये, साहेब. दुसरी एखादी असती तं गोल फिरू फिरू दम लागून पडली असती. हे पडत नाई. येले बुढाच पाहिजे."

आता ते सांगतो ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

डबा तयार झाला आणि जिल्ह्याहून काही पाहुणे तो पाहायला वर्कशॉपमध्ये येणार असं कळलं. निर्मलाबाई त्या दिवसांत रजेवर होत्या. नवऱ्याचं नागपूरला ऑपरेशन होतं. मी पडद्यावर तलावाचं चित्र लावून पाहिलं. निळं पाणी नहरीतून खाली जायला हवं, ते अडखळत होतं. प्रोग्रॅममधला बुढा सारखा मधे येऊन पाहत होता, आणि डब्यातलं यंत्र बेताचं. मला सी वाचण्यापुरती येत होती. मी बुढ्याची ओळ शोधली आणि तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. सीमध्ये तशा रेघा मारल्या, की ती ओळ लिहिलेली राहते पण यंत्राला दिसत नाही. पाणी झुळझुळ वाहू लागलं. पाहुणे खूश झाले. आणखी तलावांचं काम देऊ म्हणाले.

मग गजाननने तोच डबा उचलला आणि तुडुमावर नेऊन बसवला.

मी रेघा काढायला विसरलो, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. आठवण झाली होती. पण डबा तिकडे पाळीवर बसला होता. लॅपटॉप घेऊन लाखांदूरच्या पुढे तेवढं अंतर जायचा कंटाळा आला. दुसरं काही नाही, कंटाळा. निर्मलाबाई रजेवरून आल्या तेव्हाही सांगता आलं असतं. त्यांनी विचारलं होतं, "डबा बसला का नीट?" मी म्हणालो, "एकदम."

पोळ्याच्या दिवशी गावानं आम्हाला जेवायला बोलावलं. निर्मलाबाईंचं ते माहेरच. सकाळी डब्याला हळदकुंकू लावलं. आधीचे दिवस कोरडे गेले होते, म्हणून बारी सुरू होती. पाळीवर कोणी थांबलं नाही. पोळ्याला कोण थांबतो? बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, झुली चढवायच्या. यंत्र बसवलं ते त्यासाठीच. दादाजीही नातवंडांबरोबर बैलापाशी होते.

दुपारी जोराची सर आली आणि गेली. बांध्या तुडुंब भरल्या. म्हणजे आता पाणी कोणालाच नको होतं.

संध्याकाळी तोरणाखाली बैल लागले. ओळीनं उभे, सजलेले. निर्मलाबाई देवरावच्या बैलजोडीपाशी उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. वर्कशॉपमधली बाई ओळखू येत नव्हती. गल्लीतून पाणी आलं. पावसाचं असेल म्हणून लोक बाजूला सरले. पाणी वाढलं, बैलांच्या खुरांना लागलं. तेवढ्यात एक बाई ओरडली, "मासोळ्या!" खरंच, पाण्यात बोटाएवढ्या मासोळ्या तडफडत होत्या. पावसाच्या पाण्याला मासोळ्या नसतात.

सगळे पाळीकडे पळाले. दार सताड उघडं होतं. डब्यावरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. आत गावाचा नियम गावाच्या रीतीनं चालला होता. पहिला म्हणत होता पुढं द्या, दुसरा म्हणत होता पुढं द्या, शेवटचा म्हणत होता तुम्हीच पाहा. सून बोलत होती आणि सासू हात बांधून उभी होती. गजाननने वायर उपटली, पण वायर उपटून दार लागत नाही. शेवटी दादाजींच्या घरून जुना लोखंडी दांडा आणला. त्यांनी तो भंगारात दिला नव्हता. दोघा जवानांनी म्हाताऱ्याला काखेत धरलं, त्यानं दांडा कसा बसवायचा ते दाखवलं आणि दार लागलं. पण तोवर तलावाच्या तळाची गाळाची जमीन दिसायला लागली होती.

तोरणाखालीच बैठक बसली. निर्मलाबाईंनी जीपमधून वर्कशॉपचा लॅपटॉप आणून उघडला. डब्यात भरलेला प्रोग्रॅम त्यात होता. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांचं बोट खाली खाली जात होतं, ते थांबलं. पडद्यावर बुढ्याची ओळ, आणि पुढे दोन रेघा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वाट पाहत होत्या. पाटावर वाटी कोणी ठेवली ते दिसलं होतं, आता ती कोण उचलतं ते पाहत होत्या.

"काय झालं व, बाई?" देवरावनं विचारलं.

त्या थोडं थांबल्या. मला वेळ देत होत्या, हे मला तेव्हाही कळलं. मग त्यांनी लॅपटॉप मिटला. "चूक डब्यातली हाये," त्या म्हणाल्या.

"डबा कोनाचा?"

"डबा माह्या हातचा."

आणि मी, मालक, घसा साफ करून बोललो, "मॅडमनी तपासलं आहे. पुन्हा असं होणार नाही." या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. गावानं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

परतीच्या वाटेवर मी जीप चालवत होतो. गजानन मागे झोपला होता. लाखांदूर मागे पडल्यावर मी सुरुवात केली, "मॅडम, ती ओळ..."

"साहेब, रस्त्याकडं पाहा," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी हस्ताचं पाणी आलं नाही. धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, वेळेला तलावात पाणी नव्हतं. वरच्या पट्ट्यांनी कसंबसं भागवलं, शेवटच्या पट्ट्यातलं धान पोचट निघालं. लोंब्या उभ्या, आत दाणा नाही. देवराव बहिणीला काही बोलला नाही. बोलला असता तर भांडण होऊन मिटलं असतं. तो फक्त भाऊबीजेला आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. पोळ्याचं बोलावणं बंद झालं. गावातून भंडाऱ्याला येणारी माणसं बाईंच्या दारावरून जात, आत येत नसत. ज्या गावाच्या रीतीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला, त्या गावात त्यांना जाता येईना.

मी काय केलं? मी म्हणालो, आणखी तलावांचं काम येऊ दे, मग सांगू. आता सांगितलं तर वर्कशॉपचं नाव जाईल. काम आलंच नाही. मग म्हणालो, आता इतके दिवस झाले, जुनं कशाला उकरायचं. सबबी म्हाताऱ्या होत नाहीत, माणूस होतो.

निर्मलाबाईंनी नोकरी सोडली नाही. गजाननने एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सोडली तं लोक म्हनतील, खरंच होतं." वर्कशॉप बंद होईपर्यंत त्या येत राहिल्या. "थकली बाप्पा" म्हणत बसायच्या, "थकली बाप्पा" म्हणत उठायच्या. एका गोष्टीत मात्र फरक पडला. पुढच्या प्रत्येक डब्यात त्या बुढा बसवत, आणि डबा जायच्या दिवशी, कितीही उशीर होवो, त्या स्वतः तो चालवून बघत. आतल्या भाषेला मुद्दाम एक न संपणारं काम द्यायचं आणि घड्याळाकडे पाहत बसायचं. ठरल्या वेळी बुढा उठला, आतली गप्प झाली, की त्या मान हलवायच्या. "उठला," एवढंच म्हणायच्या. मला ऐकवायला नव्हे. मी मात्र दर वेळी ऐकत होतो.

चहाचं तसंच चालू होतं. त्यांचा कप खिडकीत, आमचे टेबलावर.

या वर्षी धान कापणीला आलं असताना मी लाखांदूरहून एसटीनं त्या गावाला गेलो. एकटाच. दादाजी कधीच गेले. तुडुमाला पुन्हा हाताचा दांडा लागला आहे. देवराव पाळीवर भेटला. केस पिकलेत. मी त्याला सगळं सांगितलं, पाहुणे, निळं पाणी, ओळ, रेघा. तो तंबाखू चोळत राहिला.

"दोन रेघा?" त्यानं विचारलं.

"दोन."

"येवढ्याच?" त्यानं हवेत बोटानं दोनदा तिरपं ओढलं.

"एवढ्याच."

"तिले मालूम होतं?"

"त्याच संध्याकाळी. तोरणाखाली."

"मंग तिनं काहून नाई सांगतलं?"

"मी सांगावं म्हणून."

त्यानं तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच तळहातावर राहिली. "अना तुमी आता आले," तो म्हणाला. रागानं नाही. थंडी पडली, असं कोणी म्हणावं तसं. मग समितीतले जे कोणी उरले होते त्यांना त्यानं हाक मारून बोलावलं, आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. एकानं पाणी विचारलं.

दुसऱ्या दिवशी निर्मलाबाईंकडे गेलो. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच असतात. डोळ्याला जाड चष्मा. खुर्चीत बसताना "थकली बाप्पा" म्हणाल्या, तेवढ्यानंच घर ओळखीचं वाटलं. त्यांनी चहा केला. मी गावाला जाऊन आल्याचं सांगितलं, काय बोललो तेही सांगितलं. हे लिहून छापायला देणार आहे, असंही म्हणालो.

"लिहा," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी लिहून राहिले असान तं नका लिहू."

मी चहाचा घोट घेऊन कप स्टुलावर ठेवला.

मग त्यांनी विचारलं, "पाळीवरचा मोह हाये का अजून?"

"आहे. एक फांदी पडली आहे."

"तलावाकडची का?"

"हो."

"तिच्यावर झोका बांधत होतो आमी." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. "देवराव काय म्हनला?"

"विशेष काही नाही."

"तंबाखू चोळत बसला असन."

"हो. पण खाल्ली नाही."

यावर त्या जरा हसल्यासारख्या झाल्या. बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. त्यांनी उरलेला चहा संपवला, हात टेकून उठल्या, मोरीपाशी जाऊन आपला कप विसळला आणि खिडकीच्या कट्ट्यावर उपडा घातला. तीच रीत. माझा कप स्टुलावर तसाच होता.

मी उठलो. कप घेऊन मोरीपाशी गेलो आणि नळ सोडला. आपल्याकडे पाहुण्यानं कपाला हात लावला, की घरची बाई लगबगीनं म्हणते, "राहू द्या हो, राहू द्या." निर्मलाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मी कप आतून धुतला, बाहेरून धुतला. त्या पूर्ण वेळ पाहत उभ्या राहिल्या.

"उपडा ठेवा जी," त्या म्हणाल्या. "निथळू द्या."